लेझर मशीन पाच जणांचं, मग ब्लोअर कुणाचा?



आपल्या शिरूरच्या वर्कशॉपमधल्या लेझर कटरचा व्हिडिओ टाकला आणि फोनचा पाऊस पडला. ताई, मशीन कितीला पडलं? किती वॅटचं घेऊ? लोन मिळेल का? महिन्याला किती सुटतात? सगळे प्रश्न चांगलेच आहेत, पण एकानेही विचारलं नाही की धूर कुठे जातो.

मीही विचारलं नव्हतं, म्हणून तुम्हाला बोल लावत नाही. मशीन आलं त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मागे एक पाइप लावून तो खिडकीतून बाहेर काढला. झालं एक्झॉस्ट! बीबीएला ऑपरेशन्सचा पेपर होता, त्यात प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सवर दहा मार्कांचं उत्तर मी तोंडपाठ लिहून आले होते. पण खिडकीतल्या त्या पाइपचा आणि त्या उत्तराचा काही संबंध आहे, हे लक्षात यायला मला दोन पावसाळे लागले.

आधी आमची सोय कशी आहे ते सांगते. मशीन पाच जणांनी मिळून घेतलंय. माझं ट्रॉफी आणि नेमप्लेटचं दुकान. एक साइनबोर्डवाले, एक रुखवताचं सामान करणाऱ्या वहिनी, एक जण शाळांचे प्रोजेक्ट आणि मॉडेल करून देतो, आणि पाचवे दौंड तालुक्यातले मखरवाले दादा. ते केडगाव-चौफुल्याकडून न्हावऱ्यामार्गे टेम्पो घेऊन येतात. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या मखरात एमडीएफ आणि पुठ्ठा शिरला आणि दादांचा धंदा उभा राहिला. श्रावण लागला की मशीन जवळजवळ त्यांचंच.

असं सामाईक मशीन म्हणजे काही नवीन खूळ नाही बरं. आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या बाहेरची जगातली पहिली. आज जगभर अशा लॅब आहेत आणि त्यांच्या ठरलेल्या यंत्रांत लेझर कटर असतोच. गंमत म्हणजे ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर आपली ही मशीनं चालतात, तो १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये शोधणारे डॉ. कुमार पटेल जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. म्हणजे दौंडहून बारामतीची गाडी धरली की लेझरच्या माहेरीच पोचलात म्हणा! मी बॅचमध्ये हे सांगितलं की पोरं जरा सरळ बसतात.

या फॅब लॅबवाल्यांची जगभर एक सामाईक सनद आहे. ती वापरणाऱ्याच्या तीन जबाबदाऱ्या सांगते: माणूस आणि मशीन दोघांना इजा होऊ न देणं, साफसफाई-देखभालीत हात लावणं, आणि शिकलेलं दुसऱ्याला देणं. यातली मधली जबाबदारी आमच्या पार्टनरशिपच्या कागदावर नव्हती. पैसे किती, तास किती, नफा कसा, सगळं होतं. ब्लोअर कोण साफ करणार, ते नव्हतं.

त्या श्रावणात काय झालं

दादांची चाळीस मखरांची ऑर्डर होती, ३ मिमी एमडीएफची. पहिली दहा-बारा छान निघाली. मग कडा काळ्या पडायला लागल्या, तुकडे सुटेनात, मागून कटर मारून काढावे लागायचे. ऑपरेटर पोरानं जे सगळे करतात तेच केलं, स्पीड कमी केला. १८ वरून १३ वर आणला. आता हिशोब बघा. एका मखराला साधारण ३६ मीटर कटिंग. सेकंदाला १८ मिमी धरलं तर ३३ मिनिटं, १३ मिमी धरलं तर ४६. मखरामागे तेरा मिनिटं जास्त. चाळीस मखरांना साडेआठ तास! म्हणजे मशीनचा अख्खा एक दिवस धुरात गेला, आणि वर कडा काळ्या म्हणून गिऱ्हाईकाने भाव पाडला तो वेगळाच.

आम्हाला वाटलं ट्यूब उतरली. ट्यूबचा खर्च म्हणजे छातीत धस्स होतं. दोन दिवस ट्यूबच्या चौकशीत गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराची आई दुकानात आली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. म्हणाली, "ताई, पोरगं रात्रभर डोळे चोळतंय. डोकं दुखतंय म्हणून जेवला पण नाही. काय काम देता तुम्ही त्याला?"

मी म्हटलं, "मावशी, मशीनचं काम आहे, बसूनच तर असतो." आणि हे म्हणताना मला स्वतःलाच मशीनच्या खोलीतला वास आला. रोजचाच वास. नाक सवयीने मरतं, हे मी नंतर शिकले. तासभर त्या खोलीत बसलं की वास येत नाही, आणि वास येत नाही म्हणजे धूर नाही असं आपण समजतो. बाहेरून आलेल्या माणसाचं नाक खरं. त्या मावशींनी दारातच पदर नाकाला लावला होता, ते मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोराला सुट्टी दिली, पगारी, आणि मशीन बंद ठेवलं. ऐन श्रावणात! दादा चिडले, ते साहजिकच होतं. "ताई, मुंबईची डिलिव्हरी हाय, पार्टी थांबल का माझ्यासाठी?" पण मग तेच म्हणाले की कुरकुंभच्या एमआयडीसीत डक्टिंगची कामं केलेले एक फिटर काका त्यांच्या ओळखीचे आहेत. केमिकल झोनमधला माणूस, धूर म्हणजे काय हे त्याला आपण सांगायचं नाही. काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले.

काकांची तपासणी

काकांनी मशीनला हातच लावला नाही. आधी चहा घेतला, मग देव्हाऱ्यातली उदबत्ती मागितली. ब्लोअर चालू करायला लावला आणि उदबत्ती मशीनच्या पुढच्या फटीजवळ धरली. धूर आत खेचला जायला हवा होता. तो वर गेला, सरळ, देवाजवळ जातो तसा. मग म्हणाले, "आता शटर वर करा." शटर उघडलं तसा धूर थोडा आत वळला. काका हसले. "ताई, तुमचा ब्लोअर उपाशी हाय."

पहिली चूक ही. खोलीतून हवा बाहेर फेकायची तर तेवढीच हवा खोलीत यायला नको का? आम्ही एसी लावून, शटर खाली ओढून, खिडकीच्या फटी थर्माकोलने बुजवून बसलो होतो. बंद बाटलीतून तोंडाने हवा ओढून बघा, किती वेळ ओढता येते! आता मशीनच्या समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, जाळीचा झरोका काढलाय. एसीचं बिल थोडं वाढलं, वाढू दे.

दुसरी चूक वर होती. खिडकीतून बाहेर काढलेल्या पाइपच्या तोंडाला आम्ही पक्षी जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली होती. हेतू चांगला. पण एमडीएफच्या धुरात डिंकासारखी चिकट काजळी असते, ती आधी जाळीवर बसते. बाहेरून बघितलं तर जाळीच्या जागी काळा पापड होता, मधे चार भोकं. आणि पाइपचं तोंड आडवं असल्याने पावसाचं पाणी आत येऊन काजळीचा चिखल झालेला. आता तोंड खाली वळवून काढलंय, जाळी मोठ्या भोकांची आहे, आणि हात पोचेल अशी लावलीय. जिथे हात पोचत नाही ती जाळी कुणी साफ करत नाही, हा माझा अनुभव.

तिसरी गोष्ट ब्लोअर स्वतः. काकांनी केसिंग खोललं. आतला इंपेलर, म्हणजे फिरणारं पात्यांचं चाक, बघून मला खरंच लाज वाटली. पात्यांमधली जागा निम्मी भरलेली. पात्यावर थर बसला की दोन गोष्टी होतात. हवा कमी ओढली जाते, आणि थर सगळीकडे सारखा नसल्याने चाक हलतं. ब्लोअरचा आवाज महिनाभरापासून बदललाय हे साइनबोर्डवाल्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "जुना झाला असेल." जुना कसला, दोन वर्षांचा होता.

काकांनी खिशातून छोटं पंख्याचं मीटर काढलं, वाऱ्याचा वेग मोजायचं. पाइपच्या तोंडाशी आकडा आला सेकंदाला २.८ मीटर. सगळं साफ केल्यावर त्याच ठिकाणी ७.१. मीटर प्रति सेकंदच्या आकड्याला सहा इंची पाइपसाठी साधारण ३९ ने गुणलं की मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते कळतं, ज्याला दुकानदार सीएफएम म्हणतो. आधी १०९, नंतर २७७. पाइपच्या मधोमध वेग जास्त असतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असणार. पण दर वेळी त्याच जागी मोजलं तर आपल्याला तुलनेपुरतं ते पुरतं.

तुमचा पाइप चार इंची असेल तर ३९ नाही, १७ ने गुणायचं. यातूनच कळेल की चार इंची पाइप घेऊन पैसे वाचवणं म्हणजे काय. सहा इंचीचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं. सहा इंची ब्लोअरला रिड्यूसर लावून चार इंची पाइप जोडलेला मी एका ठिकाणी पाहिलाय. दुकानदाराने "फिट होतंय ना" म्हणून दिला होता.

ट्यूब? ट्यूब ठणठणीत होती. धूर किरणाच्या वाटेत साचला की किरण वाटेतच अडतो, विखुरतो. तोच धूर लेन्सवर बसतो, लेन्स तापते, कट बिघडतो. आपण पॉवर वाढवतो किंवा स्पीड कमी करतो, म्हणजे अजून धूर. लेन्स पुसून, ब्लोअर जोडून चालू केलं आणि पुन्हा १८ च्या स्पीडला तुकडा खाली पडला. दादा काही बोलले नाहीत, फक्त टेम्पोकडे जाऊन पुढची शीट घेऊन आले.

धुराडं आणि ब्लोअर

काका यवतकडचे. जाताना त्यांनी जे समजावलं ते मी आता प्रत्येक बॅचमध्ये वापरते. "गुऱ्हाळाचं धुराडं उंच का असतं? चुलाणातला धूर गरम असतो, गरम हवा वर पळते, धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त. तिथं पंखा लागत नाही. लेझरचा धूर तुम्ही एवढ्या हवेत मिसळता की तो गारच असतो. तो आपण होऊन कुठं जायचा नाही. त्याला ओढूनच न्यावा लागतो."

आणि ओढायचा असेल तर ब्लोअर शक्यतो बाहेरच्या टोकाला असावा. का? ब्लोअर मशीनच्या बुडाशी असेल तर त्याच्या पुढचा सगळा पाइप दाबाखाली असतो. जोडाला बारीक फट असली तरी धूर खोलीत फुंकला जातो. ब्लोअर टोकाला असेल तर पाइपात ओढ असते, फट असली तर खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. आम्ही ब्लोअर बाहेरच्या भिंतीला, पत्र्याच्या टोपीखाली नेला. खोलीतला आवाज कमी झाला हा फुकटचा फायदा. फोनवर गिऱ्हाईकाशी बोलता यायला लागलं.

पाइपही बदलला. मशीनसोबत येतो तो वळ्या असलेला लवचिक पाइप. त्याच्या प्रत्येक वळीत काजळी बसते आणि हवा अडते. तो फक्त मशीनजवळ, हातभर. पुढे सगळा गुळगुळीत जीआय पत्र्याचा. काटकोनातले कोपरे कमी, वळण सावकाश. मध्ये दोन ठिकाणी झाकण, उघडून आत हात घालता येईल असं. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो म्हणून लावू नका. आत चिकट काजळी आणि वरून ठिणगी आली तर तो पाइपच जळण होतो.

आग हा शब्द आलाच आहे तर. एमडीएफचा लहान तुकडा जाळीतून खाली पडतो, तिथे धुमसत राहतो. कट संपला, ब्लोअर बंद केला, पोरगं चहाला गेलं. एकदा आमच्याकडे खालच्या ट्रेमधून धूर येताना वहिनींनी बघितला, म्हणून निभावलं. तेव्हापासून ट्रे रोज रिकामा होतो, मशीन चालू असताना माणूस जागेवरच असतो, आणि आग विझवायचा सीओटूचा सिलिंडर हाताशी असतो. कट संपल्यावर ब्लोअर दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचा, मगच झाकण उघडायचं. आपल्याकडे लाइट जाते हेही धरून चाला. मशीन इन्व्हर्टरवर आणि ब्लोअर मेन लाइनवर अशी जोडणी मी पाहिलीय. लाइट गेली की ब्लोअर बंद, लेझर चालूच! इलेक्ट्रिशियनला सांगून कॉन्टॅक्टर बसवून घ्या, ब्लोअर चालू असल्याशिवाय लेझर पेटणारच नाही असा. काम किरकोळ आहे. खर्चही मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही.

धुरात असतं काय

हे सांगितल्याशिवाय मेंटेनन्सचं गांभीर्य येत नाही, आणि घाबरवायचंही नाहीये. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक. कापलं की फॉर्माल्डिहाइड सुटतो. डोळे चुरचुरतात ते त्यानेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत घातलाय. ॲक्रिलिक कापताना जो गोडसर, नेलपॉलिशच्या दुकानासारखा वास येतो तो मिथाइल मेथाक्रिलेटचा. त्यानेही डोकं धरतं.

तोंडाला मास्क बांधला की झालं, असं समजू नका. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. साफसफाई करताना तो हवाच, पण ब्लोअर बंद ठेवून मास्क घालणं म्हणजे गळक्या छपराखाली छत्री घेऊन झोपणं.

आणि काही माल असा की त्याला कितीही ब्लोअर लावा, कापायचाच नाही. पीव्हीसी. यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. फुप्फुसं तर जळतातच, मशीनच्या रेल, बेअरिंग, ब्लोअर सगळं गंजतं. साइनबोर्डच्या धंद्यातल्या लोकांनी इथे कान द्या: सनबोर्ड म्हणून बाजारात मिळणारा बराचसा फोम बोर्ड पीव्हीसीचा असतो. व्हिनाइल स्टिकर, फ्लेक्स, बरंचसं रेक्झिन, तेच. ओळखायचं कसं? तांब्याची तार बाहेर मोकळ्यावर लाल तापवा, प्लास्टिकला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, मशीनवर चढवू नका. आमच्या पार्टनरने एकदा "ताई, दोनच अक्षरं आहेत" म्हणून सनबोर्ड आणला होता. मी तार तापवून ज्योत दाखवली. तो आता राउटरवर करून घेतो.

मॉलमधले आणि वरच्या मजल्यावरचे

ज्यांना पाइप बाहेर काढायला जागाच नाही ते फिल्टरचा डबा घेतात. आधी जाड फिल्टर, मग हेपा, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन. चालतं, पण कार्बन ठराविक वायू शोषून भरला की पुढे तो फक्त डबा राहतो, दिसायला तसाच. तुम्ही जर दिवसभर एमडीएफ कापणार असाल तर फिल्टरचा खर्च दर तासाच्या भावात आधी धरा, नाहीतर हा धंदाच तोट्यात. शिरूर-दौंडसारख्या गावात जागा मिळते, माझं मत विचाराल तर बाहेर पाइप निघेल अशीच जागा बघा. मात्र पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको. आमच्या शेजारी साड्यांचं दुकान आहे. पहिल्या वर्षी त्या काकांनी तीनदा तक्रार केली, मी तीनदा "बघते काका" म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी एक साडी आणून माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "वास घे बाळा." मी ती साडी विकत घेतली. पाइप छपराच्या वर नेला तो त्यानंतर.

आता हिशोब

साफ केलं, बदललं, सगळं झालं. खरा प्रश्न पुढचा होता: पुढच्या वेळी कोण? पाच जणांचं मशीन म्हणजे पाच जणांना वाटतं बाकीचे चार बघतील. आम्ही बसलो. रुखवतवाल्या वहिनी म्हणाल्या, "माझे महिन्याला पाच तास, मी का काजळी खरवडू?" मखरवाले दादा म्हणाले, "मग मशीनच्या हप्त्यात पाचवा हिस्सा मी का देतो?" दोघांचंही बरोबर. एक तास चांगलाच तापलं.

शेवटी मी फळ्यावर लिहिलं. मेंटेनन्स तासावर, आणि तासही मालावर. एमडीएफचा तास ब्लोअरला जास्त घाण करतो, म्हणून तासाला १५ रुपये. ॲक्रिलिक, कागद, पुठ्ठा वगैरे, तासाला ८. समजा महिन्यात ६० तास एमडीएफ आणि ७० तास बाकी. ९०० आणि ५६०, झाले १,४६०. हा पैसा वेगळ्या डब्यात. त्यातून साफसफाईची मजुरी, जाळ्या, पाइपचा तुकडा, बेअरिंग. हात कुणीही लावो, मजुरी मिळते, म्हणून "मी का" हा प्रश्नच उरला नाही. वहिनींचे महिन्याला चाळीस रुपये जातात. दादांचे बरेच जातात, पण ते गिऱ्हाईकाच्या भावात धरतात, धरायलाच हवेत.

तुम्ही एकट्याने मशीन घेतलं असलं तरी हा डबा करा. बहुतेक नवे लोक रेट काढताना लाइट, मटेरियल, पगार धरतात आणि मेंटेनन्सच्या जागी "बघू" लिहितात.

काम म्हणाल तर जास्त नाही. रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी टिश्यू पेपरचा तुकडा पुढच्या फटीशी धरायचा, ओढला गेला पाहिजे. संध्याकाळी ट्रे रिकामा. शनिवारी मशीनच्या आतली मागची जाळी आणि बाहेरची जाळी. महिन्यातून एकदा मीटरने वेग मोजून वहीत तारीख घालून लिहायचा. साफ असतानाचा आकडा आमचा ७.१ आहे, तो साडेपाचच्या खाली आला की इंपेलर खोलायचा, मग तीन महिने झालेले असोत की तीन आठवडे. श्रावणात तीन आठवडेच होतात.

खोलताना फक्त स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढून तो स्वतःच्या खिशात ठेवल्यासारखा डोळ्यासमोर ठेवा. हातमोजे, मास्क. थर आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, मग स्पिरिटच्या फडक्याने. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम बाहेर ओट्यावर, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचं नाही. कंप्रेसरची हवा खोलीत मारू नका, दोन वर्षांची काजळी एका मिनिटात सगळ्यांच्या छातीत जाईल. चाक परत बसवल्यावर हाताने फिरवून बघा, कुठे घासतं का.

१९४८ च्या कारखाना कायद्यातही धुळीचं आणि धुराचं एक कलम घातलं होतं, चौदावं. एक्झॉस्ट लागत असेल तर तो धूर जिथे निघतो त्याच्या शक्य तितका जवळ लावा आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा, असं त्यात म्हटलं होतं. आपल्यासारख्या चार-पाच माणसांच्या शेडला तो कायदा बहुधा लागू होत नव्हता, म्हणून कुणी तपासायला येत नसे. आमच्याकडे तपासायला एक आई आली होती.

ते पोरगं चार दिवसांनी कामावर परत आलं. मशीनची वही आता त्याच्याकडेच आहे, वाऱ्याचा आकडा तोच लिहितो. परवा मी घाईत एक अर्जंट नेमप्लेट लावायला गेले तर म्हणाला, "ताई, टिश्यू लावला का आधी?" नव्हता लावला. त्याने माझ्या हातून शीट काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

पुढच्या व्हिडिओत ब्लोअर पूर्ण खोलून, इंपेलर साफ करून परत जोडून दाखवणार आहे. व्हिडिओ बघताबघता स्वतःचाही खोलणार असाल तर जुने कपडे घालून बसा, ती काजळी धुतली तरी जात नाही.